कठड्यावरचा भात

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीशी उजेडात धरली आणि पेन्सिलीच्या टोकानं एक जागा दाखवली. मणके एकावर एक उतरंडीसारखे रचलेले दिसत होते, आणि कमरेच्या जरा वर दोन मणके एकमेकांत चेपून बसले होते. "केरीज स्पाइन," ते म्हणाले. मग त्यांनी सावकाश इंग्रजीत यांना समजावलं आणि यांनी मला मराठीत सांगितलं, की पाठीच्या कण्याचा क्षय आहे.

मला वाटलं, यांची ऐकण्यात काहीतरी चूक झाली. क्षय छातीत होतो एवढंच मला ठाऊक. मला खोकला नव्हता, रक्त पडत नव्हतं. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं आणि पाठ दुखायची, एवढंच. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलं ते गिरणीत ठेवलेल्या दळणाचं. ते आता कोण आणणार, हा मला पडलेला पहिला प्रश्न. रडू बऱ्याच वेळानं आलं, तेही रिक्षात बसताना पाठीत कळ आली म्हणून.

हे सगळं लिहिते आहे ते कौतुकासाठी नाही. ज्यांच्या घरी कुणी असं महिनोन् महिने निजून आहे, किंवा जे स्वतःच निजून आहेत, त्यांच्यासाठी लिहिते. माझ्यासारख्या दुखण्याबद्दल मराठीत सांगणारं मला तेव्हा कुणी भेटलं नाही.

आम्ही खडकीहून बदलीनं मद्रासला आलो होतो. हे संरक्षण खात्यात, मद्रासजवळ आवडी गावी क्वार्टर मिळालं. शेजारी एकीकडे पंजाबी, दुसरीकडे जबलपूरचे. दोन वर्षं झाली तरी मद्रास म्हणजे माझ्या लेखी आवडीचं स्टेशन, भाजीवाली आणि घाम. पाठ दुखायला लागली तेव्हा प्रत्येकानं आपापलं औषध सांगितलं. पंजाबीण म्हणाली, तूप खा. जबलपूरची म्हणाली, वात आहे, तेल चोळ. कंपाउंडरनं पट्टी चिकटवली. मी नीलूला, माझ्या चार वर्षांच्या मुलीला, कडेवर घेऊन पाणी भरत राहिले. एके दिवशी ती कडेवरून उतरेना म्हणून मी वाकले आणि मला पुन्हा सरळच होता येईना. तेव्हा कुठं मोठ्या इस्पितळाची वाट धरली.

उपचार असे होते. स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे क्षयाच्या जंतूंवरचं इंजेक्शन, ते रोज टोचायचं. त्यानं कानात भुंगा गुणगुणतो. दुसरं पास नावाचं औषध. त्याच्या मोठमोठ्या कॅचेट, म्हणजे पापडासारख्या आवरणातली पूड, ती मूठभर गिळायची. त्यानं पोटात इतकं ढवळतं की अन्नाचा वास नको होतो. आणि तिसरं, सगळ्यांत अवघड, प्लास्टर बेड. रोग्याला पालथं निजवून मानेपासून मांड्यांपर्यंत प्लास्टर थापतात. ते वाळलं की गणपतीच्या साच्यासारखा अर्धा साचा तयार होतो, आणि मग त्यात उताणं निजायचं. किती दिवस, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "दिवसांत मोजू नका."

रोज सकाळी ते खिशातली किल्ली काढून माझ्या तळपायावर ओढायचे आणि अंगठा कुठं वळतो ते बघायचे. त्याचं नाव प्लँटर रिफ्लेक्स. अंगठा वर वळला तर मज्जारज्जूवर दाब आला असं समजायचं. मग पॅराप्लेजिया, म्हणजे कमरेखालचं अंग लुळं पडणं, आणि मग ऑपरेशन. मी रोज त्या किल्लीची वाट बघायची आणि रोज तिला भ्यायची.

पण खरी धास्ती पायांची नव्हती. नीलूला सांभाळायला घरी कुणी नव्हतं म्हणून आमच्या वन्सं, यांची थोरली बहीण, येऊन तिला मिरजेला घेऊन गेल्या. जाताना इस्पितळात आणली होती, तर ती वन्संच्या खांद्यावर झोपलेली. उठवू नका, असं मीच म्हटलं. चार वर्षांचं पोर. वर्षभरात ते आईला विसरणार हे मला स्वच्छ दिसत होतं. मला पायांवर उभं राहायचं होतं ते तिनं विसरायच्या आत. बाकी कशाची मला फिकीर उरली नव्हती.

बायकांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर, आणि आम्हा प्लास्टरवाल्यांच्या खाटा लांब व्हरांड्यात. समुद्रावरची हवा मिळावी म्हणून. ती दुपारी सुटायची खरी, पण तोवर प्लास्टरच्या आत घामाच्या धारा वाहून खाज सुटलेली असायची, आणि तिथं हात पोचत नाही. मला फक्त छत दिसायचं. छताला एक पाल, एक न फिरणारा पंखा आणि ओलीचा एक डाग. पहिले काही आठवडे मी त्या डागाकडे बघून काढले. पुढं पुढं मी बघणंही सोडलं आणि डोळे मिटून पडून राहायला लागले. जेवणाचं ताट यायचं आणि तसंच जायचं. वजन उतरत होतं. मोठे डॉक्टर यांना म्हणाले, "औषध जंतू मारेल. पण त्यांनी खाल्लेलं हाड भरून काढायला यांना खायला हवं. ते मी टोचू शकत नाही."

हे रोज ड्यूटी संपली की आवडीहून लोकलनं सेंट्रलला येत आणि तिथून चालत इस्पितळात. स्टुलावर बसत. बोलण्यासारखं दोघांकडेही काही नसायचं. "खाल्लंस का?" "हो." "खरं सांग." "नाही." एवढंच संभाषण. मग एक दिवस त्यांनी आपला दाढीचा आरसा आणला आणि नर्सच्या मदतीनं माझ्या डोक्यावरच्या लोखंडी दांडीला तिरका बांधला. "निदान मागचं दिसेल तुला," म्हणाले. मागचं म्हणजे व्हरांड्याचा कठडा, कडुनिंबाची एक फांदी आणि शेजारची खाट.

शेजारच्या खाटेवर कावेरीबाई. साठीच्या, तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, नवरा कोर्टात कारकून होता तो वारलेला. गुडघ्याचा क्षय, पाय प्लास्टरमध्ये, पण कुबड्या घेऊन सगळ्या वॉर्डभर हिंडायच्या. त्यांची मराठी ऐकून मी पहिल्यांदा थक्कच झाले. शब्द जुन्या पोथीतले आणि चाल तमिळ. त्यांना माझी मराठी म्हणजे भांडण वाटायची. "तूं बोलतीस की कोणास मारतीस?" असं त्या विचारायच्या. मला बोलायचा कंटाळा आला होता.

आरसा बांधला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ताटं आली. मी डोळे मिटून होते. मागून आवाज आला, "का... का... का..." डोळे उघडून आरशात बघते तो कावेरीबाई एका कुबडीवर तोल सांभाळत कठड्यापाशी उभ्या, आणि कठड्यावर भाताचे दोन मुटके. एक त्यांच्या बाजूला, एक अगदी माझ्या उशाशी. आणि त्या कावळ्याला बोलावत होत्या.

आमच्याकडे भाताचा मुटका ठेवून कावळ्याला कोण बोलावतं, आणि कधी, हे मराठी माणसाला सांगायला नको. सासूबाईंच्या दहाव्याला नदीवर आम्ही सगळे असेच उभे होतो.

मी विचारलं, "तो कुणाचा भात?"

"हा माझा," त्या म्हणाल्या. "आणि तो तुझा गे. तुज उठवत नाहीं, म्हणून तुझ्या ताटांतला मीच ठेविलें."

मला वाटलं, या बाईला कळलंय. डॉक्टर यांच्याशी इंग्रजीत बोलतात, नर्सा तमिळमध्ये कुजबुजतात, आणि या म्हातारीला दोन्ही भाषा येतात. सगळ्यांना ठाऊक आहे, मलाच काय ते ठाऊक नाही. आणि इथल्या लोकांची रीतच अशी असेल, जाणाऱ्याचं आधीच करून टाकायची. आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा ते खरंच वाटलं होतं.

कावळा आला. त्यानं कावेरीबाईंचा भात भराभर खाल्ला. मग माझ्या मुटक्याकडे दोन उड्या मारून आला, मान वाकडी केली, बघितलं आणि भुर्रकन उडून गेला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. त्यांच्या भाताला कावळा लगेच शिवायचा, माझ्या भाताला शिवेना. संध्याकाळपर्यंत तो मुटका तसाच, वाळून पांढरा पडलेला, मला आरशात दिसत राहायचा. मला कारण माहीत होतं. नीलूत जीव अडकला होता. कावळा शिवत नाही तेव्हा काय करायचं, तेही मला माहीत होतं. घरातल्या कुणीतरी पुढं होऊन मोठ्यानं वचन द्यायचं.

त्या संध्याकाळी हे स्टुलावर बसले तसं मी म्हटलं, "मला एक वचन द्या."

"काय?"

"नीलू मोठी झाली की तिला शाळेत घाला. आणि दुसरं लग्न करा, पण मिरजेकडचीच कुणीतरी बघा. आवडीत एकटे राहू नका. तुम्हाला चहासुद्धा करता येत नाही."

त्यांनी स्टूल पुढं ओढलं.

"आणि हे मोठ्यानं म्हणा," मी म्हटलं. "त्याला ऐकू गेलं पाहिजे."

"कुणाला?"

मला बोट वर करता येत होतं, ते मी आरशाकडे केलं. कावळा कठड्याच्या टोकाला बसला होता. यांनी वळून कावळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा कावळ्याकडे. औषध डोक्यात गेलं असं वाटून ते नर्सला हाका मारत धावले.

नर्स आली, तिनं नाडी बघितली. कावेरीबाईही कुबड्या टेकत आल्या. मी रडत होते, आणि रडत रडत मी सगळं सांगितलं, पिंड, दहावा, वचन. हे कपाळाला हात लावून बसले. कावेरीबाईंना आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्या संतापल्या.

"शिव शिव! जीवंत मनुष्यास कोण गे पिंड घालील?" त्या म्हणाल्या. "अगे, आम्ही रोज घालतों. माझ्या आईनें घातलें, माझ्या सुनेनें घातलें. ह्या गांवांत घरोघरीं दुपारीं आधीं काक्क्यास सादम, कावळ्यास भात, मग आपण. आपले थोरले येतात, त्यांस टाकून आधीं कसें जेवायचें? तूं दोन वर्षें इथें राहतीस आणि हें तुज ठाऊक नाहीं?"

ठाऊक नव्हतं. पंजाबी आणि जबलपूरकरांमध्ये राहून मी एकाही तमिळ स्वयंपाकघरात डोकावले नव्हते.

"मग माझा भात तो का खात नाही?" मी विचारलं. मला अजून पुरतं पटलं नव्हतं.

कावेरीबाईंनी कठडा बघितला, माझी खाट बघितली आणि कुबडी उचलून तिनंच यांच्या आरशाला टोला दिला. आरशातला उजेडाचा कवडसा, जो नेमका माझ्या भातावर पडून हलत होता, तो भिंतीवर गेला. "तो कावळा आहे, खुळा नव्हे," त्या म्हणाल्या. "चमकतें तिथें तो जाईल काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं आधी माझा भात खाल्ला. मला काय वाटलं ते सांगते. मला फार भूक लागली असं वाटलं. तसं काही नव्हतं, पास घेतल्यावर भूक लागतच नाही. पण कावळा चोचीत भात भरून मान वर करून गिळत होता, आणि ते बघताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं. कावेरीबाई ताट घेऊन आल्या. "त्यास जेवूं घालून आपण उपाशी राहिलों तर तो पुन्हा येत नाहीं," त्या म्हणाल्या. हा नियम त्यांनी त्याच क्षणी बनवला असावा असा माझा आजही संशय आहे. मी चार घास खाल्ले.

तेव्हापासून माझ्या दिवसाला एक वेळ मिळाली. सकाळी किल्ली, दुपारी कावळा. मला पक्ष्यांचं कधी वेड नव्हतं, आणि कावळ्याचं तर कुणालाच नसतं. पण दुसरं काही बघायलाच नसलं की माणूस कावळाही नीट बघतो. त्याची मान राखाडी होती, शाईच्या बोटांनी पुसल्यासारखी. एका पायाचं एक बोट अर्धं होतं. वाळका तुकडा मिळाला तर तो नर्सच्या हात धुण्याच्या भांड्यात बुडवून, मऊ करून खायचा. भात पुढ्यात आला की आधी मान इकडून वाकडी, मग तिकडून वाकडी, आणि मग नाखुशीनं एक शीत उचलून बघायचा. मी कावेरीबाईंना म्हटलं, थोरले येतात ते खरं असेल तर या माझ्या सासूबाईच. अन्नाला नाव ठेवल्याशिवाय त्यांनी कधी घास घेतला नाही.

"तर मग त्यांस तूप वाढ," कावेरीबाई म्हणाल्या, आणि स्वतःच्या डब्यातलं तूप घालायला लागल्या.

उन्हाळा तोंडावर आला तसा कडुनिंब फुलला आणि त्याची बारीक पांढरी फुलं वाऱ्यानं माझ्या प्लास्टरच्या कडांत येऊन पडू लागली. सासूबाईंनी फांदीच्या बेचक्यात घरटं मांडलं. काटक्या आणल्या, तारा आणल्या. एक दिवस नर्सनं ड्रेसिंगची गाडी व्हरांड्यात उभी केली आणि ती पलीकडच्या बाईला टोचायला वळली, तेवढ्यात कावळा गाडीवर उतरला, त्यानं प्लास्टरच्या पट्टीची गुंडाळी चोचीत धरली आणि उडाला. गुंडाळी सुटत गेली. व्हरांडाभर पांढरी पट्टी लांबच लांब तरंगतेय, पुढं कावळा, मागं नर्स, आणि तिच्या मागं कुबड्यांवर कावेरीबाई "सोड, सोड" असं नर्सलाच ओरडून सांगतायत. त्यानं ती पट्टी घरट्यात कोंबली. म्हणजे त्यालाही प्लास्टर बेड झाला.

मी हसले. प्लास्टरमध्ये हसता येत नाही, बरगड्यांना जागाच नसते. मला कळा आल्या, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसू थांबेना. आजार सुरू झाल्यापासून मी हसले नव्हते हे मला हसल्यावर कळलं. त्या दुपारी मी सगळा भात संपवला आणि आणखी मागितला.

कुणी असं समजू नये की कावळ्यानं क्षय बरा केला. स्ट्रेप्टोमायसिननं केला, पासनं केला, त्या दाढीवाल्या रागीट डॉक्टरांनी केला. आणि रोज काही असं हसू येत नव्हतं. कित्येक दिवस असे गेले की तो कावळा म्हणजे नुसता कर्कश काळा पक्षी होता, आणि कुणीतरी त्याला हाकलावं असं वाटे. मन थकलं की फुलंसुद्धा खाजतात. पण एवढं खरं, की दिवसात पाच मिनिटं मी माझ्या पाठीबद्दल विचार करत नसे. पाच मिनिटं थोडी वाटतात. निजून बघा, म्हणजे कळेल. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी त्याची खाट खिडकीशी न्या, आरसा बांधा, आणि "हस बघू" असं त्याला म्हणू नका. हलणारं काहीतरी दिसू द्या, बाकीचं त्याचं तो बघेल.

घरट्यातली पिल्लं उडून गेली, त्याच सुमारास कावेरीबाईंना घरी सोडलं. त्यांचा गुडघा कायमचा ताठ राहिला. जाताना त्यांनी माझ्या कपाळावर कुंकू लावलं आणि आयाला तमिळमध्ये दरडावून सांगितलं, की या बाईचा भात रोज ठेवायचा. मला म्हणाल्या, "माझा पाय ऐकत नाहीं, तुझे ऐकतील." त्या गेल्या आणि व्हरांडा ओस पडला. मी त्यांना कधी नीट धन्यवाद दिले नाहीत. आमच्या पिढीत ते तोंडावर म्हणत नसत.

ई.एस.आर., म्हणजे नळीत रक्तातल्या तांबड्या पेशी किती लवकर खाली बसतात त्याची तपासणी, हळूहळू सुधारली. पुन्हा एक्स-रे झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि या वेळी फिल्म मला दिसेल अशी धरली. "फ्यूज झाले," ते म्हणाले. म्हणजे ते दोन मणके एकमेकांत मिसळून एकच झाले. "आता हे हाड तुमच्या बाकीच्या हाडांपेक्षा मजबूत. पण वाकेल अशी अपेक्षा करू नका." प्लास्टरमधून मला उचलून उभं केलं तेव्हा जमीन फार खोल दिसली आणि मला भोवळ आली. पाय माझे आहेत असं वाटायला बरेच दिवस लागले. मग ब्रेस मिळाला, चामडं आणि पोलादी पट्ट्यांचा पट्टा, तो छातीपासून कमरेपर्यंत बांधायचा. हे म्हणाले, झाशीची राणी दिसतेस. मला चिलखतात उकडत होतं, तरी मी आवडीच्या लोकलमध्ये ताठ बसून घरी आले.

आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते.

वन्सं नीलूला घेऊन मद्रास मेलनं आल्या. नीलू उंच झाली होती. समोरचे दात पडले होते. मी दारात उभी होते. ती वन्संच्या पदराआड गेली आणि म्हणाली, "आई, ही बाई कोण?"

वन्संचा चेहरा पांढरा पडला. त्यांची मुलं त्यांना आई म्हणतात, ते ऐकून हीही म्हणायला लागली. त्यात कुणाचा काय दोष? ज्या गोष्टीला मी वर्षभर भीत होते ती अगदी तशीच, दारातच घडली. मी आत जाऊन चहा ठेवला. वन्सं मागून आल्या आणि रडायला लागल्या, मग मीच त्यांची समजूत घातली. त्यांनी माझं पोर जगवलं होतं, त्यांच्यावर रागावणार कशी? पण मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे समजत नव्हतं.

वन्सं परत गेल्या त्या दिवशी नीलूनं स्टेशनवर आकांत केला. घरी आल्यावर ती मला काहीच म्हणेना. आई नाही, बाई नाही. काही हवं असलं की माझ्याजवळ येऊन नुसती उभी राहायची, किंवा बाबांना सांगायची. मला तिला उचलून घेता येत नव्हतं, वाकून पोटाशी धरता येत नव्हतं. ब्रेसवर तिचं डोकं आपटलं की ती मागं सरायची. हे म्हणायचे, धीर धर. धीराचा मला वीट आला होता.

ऐपशीत, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकाच्या सुमारास, पाऊस लागला. तीन दिवस कोसळून एका दुपारी उघडला. क्वार्टरच्या मागं मोरीचं पाणी जातं तिथं आळू माजला होता, आणि नीलू तिथं उकिडवी बसून काहीतरी बघत होती. हे ड्यूटीवर. मी स्वयंपाकघराच्या दारात बसायच्या उंच पाटावर ताठ बसून तांदूळ निवडत होते. तेवढ्यात ती ओरडली.

"आई! लवकर ये! हिनं शिंगं काढली!"

मी आधी मागं बघितलं. वन्सं आल्या की काय, असंच मला वाटलं. मागं कुणी नव्हतं. नीलूचं माझ्याकडे लक्षही नव्हतं, तिचे डोळे आळवाच्या पानावर. तिला दिसलेलं तिला एकटीला पुरत नव्हतं, आणि सांगायला आवारात मीच होते.

मी तांदूळ बाजूला ठेवून गेले. पानाच्या खालच्या अंगाला गोगलगाय होती. उभ्यानं मला फक्त पान दिसत होतं.

"खाली बस ना," नीलू म्हणाली.

"मला वाकता येत नाही गं."

तिनं क्षणभर विचार केला. "मग झोप."

चिखल होता. मी एका हातानं भिंत धरली, आधी गुडघे टेकले, मग हात, आणि ब्रेससकट तिथं पालथी झाले. पातळ भिजलं, हनुवटीला माती लागली. पानाखाली दोन बारीक शिंगं हवेत काहीतरी चाचपत होती. नीलू माझ्या शेजारी पोटावर लवंडली आणि तिनं माझ्या दंडावर हात ठेवला.

"हलू नकोस हं आई," ती कुजबुजली. "नाहीतर ती आत जाईल."

"नाही हलत," मी म्हटलं.